फळ्याशेजारचा पडदा

धाकटीचे कान गेले तेव्हा ती चार वर्षांची होती आणि मी साडेपाच. ताप उतरला, ती अंथरुणात उठून बसली, आईने मागून हाक मारली आणि ती वळलीच नाही. तेव्हापासून आमच्या घरात तिला हाक मारायची म्हणजे खांद्याला हात लावायचा, नाहीतर दिव्याचं बटण दोनदा खालीवर करायचं. ती बोलते. आवाज एका पट्टीतला, जरा सपाट, पण सवयीने कळतो. समोरच्याचे ओठ वाचते. उरलेल्यासाठी आमच्या घरच्या खुणा आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तरी मी बसवलेल्या आहेत.

हे निम्म्याचं मी मुद्दाम सांगतेय. मला त्याचा फार तोरा होता.

शाळेत मी तिच्या एक वर्ष पुढे होते. शाळा संपल्यावर मला कापडावरच्या नक्षीकामाच्या अभ्यासक्रमाला प्रवेशही मिळाला होता. तेवढ्यात आईने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"एक वर्ष थांबशील का गं?" ती म्हणाली. "धाकटीबरोबरच कॉलेजात जा. तिला भूगर्भशास्त्रच शिकायचंय, कुणाचं ऐकत नाही. वर्गात तिच्या शेजारी आपलं माणूस नको का?"

मी थांबले. कुणी जबरदस्ती केली नाही, हेही खरं. वर्षभर एका शिवणाच्या दुकानात काजं-बटणं केली आणि मग धाकटीबरोबर दगड शिकायला गेले. दगडांशी माझं काही देणंघेणं नव्हतं. तिला मात्र लहानपणापासून वेड. लोक विचारायचे, हाच विषय का, तर म्हणायची, "दगडांचे ओठ वाचावे लागत नाहीत."

पहिलं वर्ष माझं होतं. आमचे सर शिकवताना सतत फळ्याकडे तोंड करून बोलायचे, त्यामुळे धाकटीला त्यांच्या पाठीशिवाय काही दिसायचं नाही. मी तिच्या डाव्या हाताला बसायचे आणि भराभरा लिहायचे. ती माझ्या वहीत डोकं घालून वाचायची, स्वतःच्या वहीत उतरवायची, अडलं की माझ्या मनगटावर बोटाने टकटक करायची. तास संपेपर्यंत माझं मनगट भरून यायचं. घरी आल्यावर आई ते गरम पाण्याने शेकायची आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "माझी मोठी म्हणजे गुणाची पोर." कॉलेजच्या वार्षिक समारंभात प्राचार्यांनी मला व्यासपीठावर बोलावून माझं कौतुक केलं. त्या वर्षी धाकटी वर्गात दुसरी आली होती, तिला कुणी वर बोलावलं नाही. मी पस्तीसच्या जरा वर होते आणि टाळ्या मला पडल्या. मला त्यात काही खटकलं नाही.

दुसऱ्या वर्षी कॉलेजने सुविधा कक्ष नावाचं काहीतरी काढलं. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीतले मोडके बाक हलवले, एक टेबल टाकलं, एक मिशाळ क्लार्क बसवला आणि सूचनाफलकावर कागद लावला: ज्या विद्यार्थ्यांना शिकताना अडचण येते त्यांनी नाव नोंदवावं. धाकटीने माझ्या आधी वाचला आणि मला हाताला धरून ओढत तिथे नेलं. अर्जावर संपर्काचा फोन नंबर मागितला होता. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी माझा लिहिला. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी वर्गात फळ्याशेजारी एक पांढरा पडदा लागला आणि एक बाई आल्या. पन्नाशीच्या, जाड चष्मा, दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधलेल्या. वीस वर्षं न्यायालयात स्टेनो होत्या म्हणे. पहिल्या बाकाच्या टोकाला त्यांनी यंत्र मांडलं, बोटं मोडली आणि सरांना म्हणाल्या, "बोला."

सर बोलले आणि पडद्यावर अक्षरं धावायला लागली. सर काय म्हणतील ते, जसंच्या तसं. सरांच्या हातात एक काळा खडक होता.

"हा गृहस्थ सहा कोटी वर्षं एका जागेवर बसून आहे," पडद्यावर उमटलं. "काम काही नाही. याला आपल्या कॉलेजात कायम करायला हरकत नव्हती."

वर्ग हसला. आणि वर्गाबरोबर, त्याच क्षणी, धाकटी हसली.

हे मी कसं सांगू? मी पंधरा वर्षं तिच्या शेजारी होते. लोक हसायचे, मग ती माझ्याकडे बघायची, मग मी तिला सांगायचे, मग ती हसायची, आणि तोवर बाकीच्यांचं हसून झालेलं असायचं. कधीकधी ती नुसती दुसऱ्यांची तोंडं बघून हसायची. त्या दिवशी ती सगळ्यांबरोबर हसली, आणि हसून झाल्यावर माझ्याकडे वळली.

"सर असे बोलतात?" तिने विचारलं.

"कसे?"

"असे गमतीचे. वर्षभर मला वाटत होतं, कोरडा माणूस आहे. तू कधीच सांगितलं नाहीस."

मी खूण केली: परीक्षेला येत नाही ते.

तिने मान डोलावली. पण तिचे डोळे परत पडद्याकडे गेले, आणि तास संपेपर्यंत माझ्या मनगटावर एकदाही टकटक झाली नाही. मी सवयीने पानभर लिहून काढलं. ते पान कुणी वाचलं नाही.

स्टेनोबाई काहीच सोडायच्या नाहीत. सर खोकले की "सर खोकतात." बाहेर रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला की "बाहेर भोंगा." मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं आणि त्यांच्या कानावर आलं की तेही. "मागून: आज डब्यात काय आहे?" धाकटीला याचंच सगळ्यात कौतुक. घरी येऊन आईला म्हणाली, "आई, लोक केवढं बोलतात गं! आणि निम्मं खाण्याबद्दल."

आई हसून हसून डोळे पुसत होती. मी पानात वाढलेलं तसंच ठेवून उठले. भूक नाही म्हटलं.

तास संपला की तो सगळा मजकूर छापून वर्गात ठेवला जायचा, कुणीही घ्यावा. मला वाटलं होतं धाकटी एकटीच घेईल. पण पहिल्याच आठवड्यात गठ्ठा पुरेना. आमच्या वर्गात एक पंचेचाळीस वर्षांच्या बाई होत्या, मुलं मोठी झाल्यावर परत शिकायला आलेल्या. त्यांना सगळे मावशी म्हणायचे. त्यांची लिहायची सवय सुटली होती, सर दुसऱ्या ओळीवर गेले तरी त्या पहिलीवर. एकजण पहाटे बेकरीत भट्टीवर काम करून यायचा आणि पहिल्या तासाला बसल्याबसल्या पेंगायचा. त्याला पाववाला म्हणायचे. एक मुलगी दुसऱ्या भाषेतून आलेली, तिला ऐकून कळायचं नाही पण वाचून कळायचं. असे सगळे त्या गठ्ठ्याभोवती जमायचे आणि त्यांच्या मधोमध धाकटी. आधी ते मला येऊन विचारायचे, "तुझ्या बहिणीला सांग ना, वही देशील का म्हणून." आता ते तिच्यासमोर उभे राहून, तोंड नीट उघडून, तिलाच विचारायला लागले. पाववाल्याने तर आमच्या दोन-तीन खुणाही उचलल्या. माझ्या खुणा! चुकीच्या करायचा आणि धाकटी त्याचे हात धरून बरोबर करून द्यायची.

मला ते बघवायचं नाही. त्याला काय म्हणायचं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं आणि मी म्हणत नव्हते. स्टेनोबाईंच्या मनगटाच्या पट्ट्या बघितल्या की मनात यायचं, माझ्या मनगटाला कुणी पट्टी बांधली नाही. मावशी त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा आणायच्या. मी रोज तो चहा ओतताना बघायचे आणि मनात म्हणायचे, मला कधी आणलात?

एक दिवस सर काहीतरी बोलले, धाकटी मोठ्याने हसली, आणि पडद्यावर आलं: "मागून: ती बहिरी बघ कशी खिदळतेय."

ती ओळ सगळ्यांसमोर पांढऱ्यावर काळी उभी होती. असलं मी किती वर्षं गिळत आले होते! शाळेत, रस्त्यात, नातेवाइकांच्या घरी. तिच्यापर्यंत एक शब्द जाऊ दिला नव्हता.

धाकटी उठली. मागे वळली. तिच्या त्या सपाट आवाजात, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, "बहिरी आहे. आंधळी नाही."

कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मागच्या बाकावरच्या त्या पोराने मान खाली घातली. स्टेनोबाईंनी शांतपणे लिहिलं: "टाळ्या."

तास संपल्यावर मी त्यांना दारात अडवलं. "असलं कशाला लिहिलंत?"

"बोललं गेलं होतं," त्या यंत्राची वायर गुंडाळत म्हणाल्या.

"मी आजवर असले शब्द तिच्यापर्यंत पोचू दिले नाहीत."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. "मग तिची उत्तरंही आजवर अडूनच राहिली असणार," त्या म्हणाल्या. "हे बघ, काय सोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी ठरवायला लागले तर ती माझी मतं होतील."

मला इतका राग आला की मी तिथून निघून गेले. राग येण्याचं कारण असं की त्या बरोबर बोलत होत्या, आणि माझ्या बहिणीबद्दल मला कुणी सांगावं हे मला खपत नव्हतं.

पहिलं सत्र संपलं. सुट्टी होती. दुपारी मी बाहेरच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होते आणि आतल्या खोलीत धाकटी पलंगावर पालथी पडून छापील कागद वाचत होती. अर्ध्या उघड्या दारातून मला तिचे हलणारे पाय दिसत होते. मध्येच ती एकटीच खुदकन हसली. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"सुविधा कक्षातून बोलतोय," मिशाळ क्लार्कचा आवाज. "बहीण ना तुम्ही? पुढच्या सत्राला स्टेनोबाई तुमच्याच वर्गात ठेवायच्या का, तेवढं सांगा. इतिहास विभागही मागतोय त्यांना."

इस्त्री हातात तशीच. आतून परत हसू ऐकू आलं.

"नको," मी म्हणाले. "आता गरज नाही. मी आहे ना."

"नक्की?"

"नक्की."

"चला, इतिहासवाले खूश होतील," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

दोन शब्दांचं काम. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी एकाच बाहीवरून तीनदा इस्त्री फिरवली. धाकटी पाणी प्यायला बाहेर आली, माझ्या हातातला फोन तिने पाहिला.

"कुणाचा?"

"चुकून लागला होता," मी म्हणाले. ती पाणी पिऊन परत आत गेली.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी पडदा होता पण कोरा. पहिल्या बाकाचं टोक रिकामं. धाकटीने दहा वेळा दाराकडे बघितलं. मग सर आले आणि फळ्याकडे तोंड करून सुरू झाले.

"त्या का नाही आल्या?" तिने विचारलं.

"माणसं कमी आहेत म्हणे. बंद केलं."

मी वही उघडली. ती सरकत माझ्याजवळ आली, तिचं कोपर माझ्या कोपराला लागलं. याच्यासाठी तर मी ते केलं होतं. अर्धा तास मला फार बरं वाटलं.

मग वर्ग हसला आणि तिने माझ्या मनगटावर टकटक केली. "काय म्हणाले?" मी सांगितलं. तेवढ्यात सरांची तीन वाक्यं सुटली. परत टकटक. "मागे कोण काय बोललं?" मला ऐकू आलं नव्हतं. "सरांनी आत्ता खडूने खूण केली, ती कशाबद्दल?" मला तेही माहीत नव्हतं, कारण मी मागचं लिहीत होते. आधी ती माझी वही अशी वाचायची, जणू वर्गात तेवढंच घडलंय. आता तिला माहीत होतं की घडतं त्यातलं किती माझ्या वहीत येत नाही. ती चिडली नाही. पण प्रत्येक ओळीवरून नजर फिरवून ती बाजूला, कोऱ्या पडद्याकडे बघायची.

दुसऱ्या आठवड्यात मावशींनी सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं. "आपणच जाऊन विचारू," त्या म्हणाल्या. "असं कसं बंद करतील? मला तर एक शब्द लिहून होत नाही." पाववाल्यानेही मान हलवली. धाकटीने अर्ज लिहिला, बावीस सह्या झाल्या. मी पण केली. न करून कसं चाललं असतं?

जिन्याखालच्या त्या खोलीत आम्ही पाचजण दाटीवाटीने उभे राहिलो. धाकटी पुढे, मी तिच्या शेजारी, कारण क्लार्कच्या मिशा ओठांवर उतरलेल्या आणि त्याचं बोलणं तिला वाचता यायचं नाही. ते मीच तिला सांगायचं होतं. तिने अर्ज टेबलावर ठेवला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाली, "स्टेनोबाई आम्हाला परत हव्यात. माझ्या एकटीसाठी नाही. बावीस जणांसाठी."

क्लार्कने अर्ज बघितला, मग आम्हाला बघितलं आणि बुचकळ्यात पडून म्हणाला, "अहो, पण तुमच्याकडूनच तर नको आलं. मी स्वतः फोन केला होता. या बहीणबाईच म्हणाल्या, गरज नाही, मी आहे."

धाकटी माझ्याकडे वळली. "काय म्हणतात?"

आणि मी काय केलं? मी खूण केली: बघू म्हणतात.

ती मान डोलावणार होती. पण मग तिने मावशींचा चेहरा पाहिला. मग पाववाल्याचा. तो जमिनीकडे बघत होता. पंधरा वर्षं माणसांचे चेहरे वाचत आलेली मुलगी ती. तिने हळूच परत माझ्याकडे पाहिलं.

"एवढंच नाही म्हणाले," ती म्हणाली. "सगळं सांग."

मावशी बोलायला तोंड उघडत होत्या, मी त्यांना हाताने थांबवलं. क्लार्क जे बोलला होता ते मी शब्दन् शब्द तिला खुणांनी सांगितलं. "मी स्वतः फोन केला होता." "या बहीणबाईच म्हणाल्या." "गरज नाही." "मी आहे." मी शोधलेल्याच खुणा होत्या त्या.

तिने क्लार्ककडून पेन आणि आपला नावनोंदणीचा जुना अर्ज मागितला, त्यावरचा माझा नंबर खोडला आणि त्याजागी लिहिलं: फोन करू नये, मला लेखी कळवावं. सही केली. आणि मग तिने माझ्याकडे बघणं बंद केलं.

ऐकू येणाऱ्या माणसाशी भांडण झालं तर दाराआडून ओरडता येतं, निदान त्याच्या कानावर तरी पडतं. धाकटीने नजर काढून घेतली की सगळे रस्ते बंद. मी तिच्यासमोर उभी राहून हात हलवायचे, ती भिंतीकडे बघायची. दिव्याचं बटण खालीवर केलं तर डोळे मिटून घ्यायची. एक आठवडा, दोन आठवडे. वर्गात ती मावशींच्या शेजारी बसायला लागली. मी खिडकीजवळच्या बाकावर एकटी.

आईला चौथ्या दिवशी कळलं. मी सांगितलं. मला वाटलं थोबाडीत देईल. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"असं का केलंस गं?"

"ती माझ्याकडे बघेनाशी झाली होती," मी म्हणाले. "म्हणजे तेव्हा. आत्तासारखं नाही. तिला मी लागेनाशी झाले होते."

"आणि तुला?" आई म्हणाली. "तुला काय लागतं, ते मी कधी विचारलंच नाही. तुला तिच्यामागे पाठवलं आणि सुटले." ती रडायला लागली, आणि मला तिचा पहिल्यांदा राग आला. खराखुरा. इतकी वर्षं तो कुठे होता कोण जाणे.

स्टेनोबाई परत आल्या, पण अर्ध्याच. इतिहास विभागाला दिलेला शब्द मोडता येईना, त्यामुळे आठवड्यातले तीन दिवस तिकडे, तीन दिवस आमच्याकडे. उरलेल्या दिवसांसाठी धाकटीने वर्गाची पाळी लावली. दोघादोघांनी मिळून जमेल तसं टाइप करायचं, एक थकला की दुसऱ्याने. पाववाल्याच्या टायपिंगमध्ये दर ओळीला तीन चुका असायच्या. एकदा त्याने "ज्वालामुखीचा उद्रेक" ऐवजी "ज्वालामुखीचा उंदीर" लिहिलं आणि सर स्वतः पडद्याकडे बघून दोन मिनिटं हसत राहिले. तेव्हापासून ते बोलताना वर्गाकडे तोंड करायला लागले. चुकीचं काही उमटलं की टाइप करणाऱ्याला सांगायला त्यांना वळावंच लागायचं, आणि वळायची सवय लागली ती लागली.

पाळीचा कागद भिंतीवर होता. सगळ्यांची नावं होती, माझं नव्हतं. मला परत ते बघवेना, आणि या वेळी मला त्याचं नाव माहीत होतं. मी जळत होते. ज्याला धड टाइप करता येत नाही त्या पाववाल्यावर जळत होते.

एक दिवस धीर करून मी कागद घेऊन धाकटीसमोर गेले आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ बघितलं.

"तू नको," ती म्हणाली. "तुझं टायपिंग त्यांच्यापेक्षा चांगलं आहे, मला माहितीये. पण तू ठरवतेस. माझ्यासाठी काय आणि काय नाही, ते. त्यांना ठरवताच येत नाही, ते बिचारे नुसते धापा टाकत लिहितात."

मी कागद परत भिंतीला लावला.

खिडकीजवळच्या बाकावर माझं मला करायला काही नव्हतं. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात नुसती बसून ऐकलं. दोन वर्षं मी तिथे होते, हजारो ओळी लिहिल्या होत्या, आणि मला जवळजवळ काहीच येत नव्हतं. शब्द कानातून हातात आणि हातातून वहीत गेले होते, मध्ये कुठे थांबले नव्हते. ऐकल्यावर कळलं की विषय वाईट नाही. आणि हेही कळलं की तो माझा नाही. सर खडकाचा काप दाखवायला लागले की मी त्यातल्या स्फटिकांच्या नक्षीत हरवायचे. वहीच्या कोपऱ्यात काढत बसायचे, हे साडीच्या काठाला कसं दिसेल, ते चादरीला कसं दिसेल.

एकदा स्टेनोबाईंनी जाताना ते चित्र पाहिलं. मी म्हणाले, "मी तुमची बदली घडवून आणली होती. माहितीये ना तुम्हाला?"

"सगळ्या कॉलेजला माहितीये," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "न्यायालयात वीस वर्षं लोकांची भांडणं लिहिली मी. बहुतेक भांडणं घरातल्या माणसांची असतात. तुझं काही जगावेगळं नाही." आणि चित्राकडे बोट करून, "हे मात्र बरं आहे," एवढं बोलून उठल्या.

वर्ष संपलं. धाकटी वर्गात पहिली आली. मी पास झाले, कशीबशी. मी आईला सांगितलं की तिसरं वर्ष मी इथे करणार नाही. नक्षीकामाच्या त्या जुन्या संस्थेत परत अर्ज केला, पहिल्या वर्षापासून. वर्गातली सगळी माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान असणार होती. आईने अर्जाचा कागद दोनदा वाचला.

धाकटी तोवर बोलायला लागली होती. लागेल तेवढंच. पाणी दे, साबण संपला, आई बोलावतेय. तेवढ्यावर मी दिवस काढत होते.

संस्थेच्या पहिल्या दिवशी मला चित्रफळी न्यायची होती. ती माझ्या हातात मावेना. धाकटी न सांगता चपला घालून निघाली आणि फळीचं दुसरं टोक धरलं. आम्ही बसथांब्यावर फळी मध्ये ठेवून उभ्या राहिलो.

"मला अजून राग येतो," मी म्हणाले. "स्टेनोबाईंचा. पाववाल्याचाही. येऊ नये असं वाटतं, पण येतो."

"माहितीये," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघून परत माझ्याकडे वळली. "मला तुझा येतो."

"फोनमुळे. हो."

"त्याच्या आधीपासून. लहान होतो तेव्हापासून. दिवे गेले की तू आणि आई बोलत बसायचात. मला तुमच्या अंगाला हात लावला की कळायचं, छाती थरथरतेय, म्हणजे बोलताय. काय बोलताय ते कळायचं नाही. मी अंधारात तुझ्यावर जळायचे. मनात म्हणायचे, हिचा आवाज जाऊ दे एकदा."

मला हे कधीच माहीत नव्हतं. मी तिच्यासाठी किती खुणा शोधल्या होत्या, पण अंधारात चालेल अशी एकही नाही. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

"काय बोलायचात?" तिने विचारलं.

मी आठवून बघितलं. "काही नाही गं. डास फार झालेत. उद्या भाजी काय करायची. बाबा फिरतीवरून कधी येणार. असलंच." मग खरं ते सांगितलं. "कधीकधी तुझ्याबद्दल."

"काय, माझ्याबद्दल?"

बस लांबून येताना दिसत होती. मी फळी अंगाला टेकवली, दोन्ही हात मोकळे केले आणि आठवेल तसं, एकही गोष्ट न सोडता, तिला सांगायला सुरुवात केली. आई काय म्हणायची, मी काय म्हणायचे, कशावरून रडायचो. बस आली, थांबली, माणसं चढली, कंडक्टरने आमच्याकडे दोनदा पाहिलं आणि बस निघून गेली. धाकटी माझ्या हातांकडे बघत होती. मला पहिल्याच दिवशी अर्धा तास उशीर झाला.